आत्याचे शेवटचे वाक्य : लघुपटातील बडोद्याची मराठी तशीच ठेवावी का?

सुरसागरकाठ (धागालेखिका)

नमस्कार. एका निर्णयापाशी मी तीन आठवडे अडून बसले आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

मी १९ मिनिटांचा एक लघुपट केला आहे. गोष्ट एका दिवसाची आहे. दांडिया बाजारातील जुन्या वाड्यातल्या तीन खोल्या विकल्या गेल्या आहेत, आजी दुसऱ्या दिवशी मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहे, आणि पुण्यात वाढलेला नातू सामान बांधायला आला आहे. दोघे मिळून माळ्यावरची भांडी खाली काढतात. सर्वांत जुन्या पितळी तपेल्यावर पणजोबांचे नाव ठिपक्याठिपक्यांनी देवनागरीत कोरलेले आहे. आजीच्या लग्नातल्या डब्यांवर तेच आडनाव गुजराती लिपीत, शिरोरेषेशिवाय आहे, कारण नाव घालणारा कारागीर गुजराती होता आणि त्याच्या हाताला तेच वळण होते. त्यानंतरच्या स्टीलच्या भांड्यांवर नुसती इंग्रजी आद्याक्षरे आहेत. नातू ही नावे मोठ्याने वाचत जातो आणि गुजराती अक्षरांपाशी अडखळतो. याहून अधिक काही घडत नाही.

आजीची भूमिका माझ्या सख्ख्या आत्याने केली आहे. तिला संवाद लिहून दिले तर ती आकाशवाणीच्या बातम्या दिल्यासारखी बोलते, म्हणून मी फक्त प्रसंग सांगितला आणि तिला तिच्या शब्दांत बोलू दिले. ती अर्थातच आमच्या घरची मराठी बोलली. ‘हा डबा मोकलायचा राहिला’, ‘मला तिथे फावेल की नाही कोण जाणे’, ‘वांधा नाही, राहू दे’. शेवटच्या प्रसंगात घर विकत घेणारे गृहस्थ किल्ली न्यायला येतात, झोपाळ्यावर टेकतात आणि सहज विचारतात, ‘बा, तमे मूळ क्यांना?’ आत्या त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवत म्हणते, ‘आपणे तो अहींना ज ने’, म्हणजे इथलेच. हे वाक्य माझ्या टिपणात नव्हते.

हा लघुपट मी महाराष्ट्रातल्या एका स्पर्धेला पाठवला. एका परीक्षकांनी सविस्तर कळवले की भावना पोहोचते, परंतु भाषा सदोष आहे. आजीचे संवाद प्रमाण मराठीत पुन्हा डब करावेत आणि शेवटचे वाक्य ‘आम्ही मूळचे वाईचे, पण आता इथलेच’ असे घ्यावे, म्हणजे प्रेक्षकाला विषय समजेल. हे पत्र तुसडेपणाने लिहिलेले नाही, म्हणूनच मी विचारात पडले आहे. आपल्याला काय वाटते? पाहायची इच्छा असल्यास व्यक्तिगत निरोप करावा, मी दुवा देईन.

लीलो_चेवडो

‘डबा मोकलायचा राहिला’ हे वाचून परीक्षकांच्या डोळ्यांसमोर धाय मोकलून रडणारा डबा उभा राहिला असणार. त्यांना भावना पोहोचली यात नवल नाही.

दांडियाबाजारकर

सुरसागरकाठ, तुम्ही पाठवलेल्या दुव्यावर लघुपट दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा फक्त भांड्यांसाठी पाहिला. आमच्याकडे वडिलांच्या नावाचा एक बंब होता, त्याची आठवण झाली.

भाषेविषयी सांगायचे तर ‘सदोष’ हा शब्द मला मान्य नाही. या शहरात मराठी अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आली. तेव्हापासून दरबारात मराठी आणि पेठेत गुजराती अशी दोन्ही भाषांची शेजारवस्ती आहे, आणि शेजारणी एकमेकींच्या घरून विरजण नेतात, तसे शब्द इकडून तिकडे गेले आहेत. खुद्द सयाजीराव महाराज १८७५ साली दत्तक म्हणून येथे आले तेव्हा नाशिकजवळच्या कवळाणे गावचे बारा वर्षांचे मूल होते. लिहिणे-वाचणे त्यांना येथे आल्यावर शिकवले गेले आणि त्यात मराठीबरोबर गुजरातीही होती. पुढे त्यांनीच १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. ज्या शहरात राजानेच दोन्ही भाषा बरोबरीने गिरवल्या, तेथे प्रजेच्या मराठीत ‘फावेल’ हे क्रियापद गुजराती अर्थाने आले, तर त्यात दोष तो कोणता?

मराठी साहित्य संमेलने येथे १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार वेळा भरली. २०१८ च्या मांडवात बाहेरगावचे एक पाहुणे माझे बोलणे ऐकून म्हणाले होते, ‘तुमची मराठी किती गोड आहे हो.’ ‘गोड’ या शब्दाचा अर्थ आमच्यासारख्यांना बरोबर कळतो. तान्ह्या बाळाच्या बोलण्यालाही लोक गोडच म्हणतात.

डब करू नका.

फिरस्ता_पुणे

मी वेगळे मत मांडतो आणि ते पुणेकराचे मत म्हणून आधीच बाजूला ठेवले जाऊ नये, अशी विनंती करतो.

दांडियाबाजारकर काकांचे म्हणणे बोलीच्या प्रतिष्ठेविषयी आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. परंतु धागालेखिकेचा प्रश्न प्रेक्षकाविषयी आहे. लघुपटाला कादंबरीसारखी दोनशे पाने नसतात. ‘मला तिथे फावेल की नाही’ हे वाक्य मी ऐकले तेव्हा मला वाटले, की आजींना नव्या घरी कामातून सवड मिळेल की नाही याची काळजी आहे, कारण आमच्याकडे ‘फावणे’ म्हणजे सवड किंवा संधी मिळणे. तेथे करमेल का, सोसवेल का, असे त्यांना म्हणायचे होते, हे मला या धाग्यावर आत्ता कळते आहे. म्हणजे चित्रपटातले सर्वांत हळवे वाक्य मी चुकीच्या अर्थाने ऐकले. त्याचा दोष माझ्याकडे असेल, पण नुकसान चित्रपटाचे झाले.

सगळे संवाद बदलावेत असे मी म्हणत नाही. जेथे मराठी शब्दाचा अर्थच उलटतो, तेवढ्या दोन-तीन जागा सुधाराव्यात.

मांजलपूरची_सून

फिरस्ता, तुम्ही एका वाक्यात फसलात. मी सांगलीहून लग्न करून येथे आले, ती पहिले सहा महिने रोज फसत होते.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारले, ‘जम्या?’ मी गृहीत धरले की नव्या घरात मला जमते आहे का, असे त्या प्रेमाने विचारत आहेत. मी म्हटले, ‘हळूहळू जमेल.’ दुपारचे अडीच वाजले होते. त्यांनी आत जाऊन ताट वाढून आणले, कारण ही मुलगी अजून उपाशी आहे आणि हळूहळू जेवणार आहे, असा त्यांचा समज झाला. त्या गुजराती, मी मराठी, आणि मधला शब्द दोघींचाही.

‘दादा’ची तर गंमतच वेगळी. माझा मोठा मुलगा धाकट्याचा दादा, पण खाली खेळणाऱ्या मुलांच्या भाषेत दादा म्हणजे आजोबा. धाकटा एकदा खाली जाऊन म्हणाला, ‘दादा पडला, त्याचा दात तुटला’, तर निम्मी सोसायटी माझ्या सासऱ्यांना बघायला वर आली. सासऱ्यांनी कवळी काढून दाखवली आणि सांगितले, की माझे सगळे आधीच तुटलेले आहेत.

नवरात्रात आमच्या सोसायटीत संध्याकाळी पाटावर हत्ती काढून भोंडला होतो, खिरापत ओळखण्याचा गोंधळ होतो, आणि त्याच मुली घरी जाऊन चणिया-चोळी घालून रात्री गरब्याला उभ्या राहतात. दोन्हीकडे फेरच धरायचा असतो. यात कोणालाही काही सोडल्यासारखे वाटत नाही. ‘तुम्ही नक्की कोण?’ हा प्रश्न मला सांगलीला गेल्यावरच विचारला जातो.

तेव्हा माझे मत असे, की प्रेक्षकाला थोडे फसू द्यावे. नातूही फसतोच आहे ना? तो गुजराती अक्षरांपाशी अडखळतो, तसा प्रेक्षक ‘फावेल’पाशी अडखळला तर तो नातवाच्या शेजारी जाऊन बसतो.

ध्वनीवाला

मी या क्षेत्रात काम करतो, म्हणून व्यावहारिक बाजू सांगतो. तत्त्वचर्चा आपण कराच.

दुवा पाहिला. चित्रीकरणाच्या वेळी आवाज जागेवरच घेतला आहे आणि बहुधा आत्याबाईंच्या पदराला लावलेल्या एकाच मायक्रोफोनवर घेतला आहे. झोपाळ्याच्या कड्यांची करकर, खालून जाणाऱ्या रिक्षा, तपेले फरशीवर टेकल्याचा आवाज, हे सगळे संवादाच्या त्याच पट्टीवर मिसळलेले आहे. पुन्हा डब केल्यास संवादाबरोबर हे सर्व पुसले जाईल. मग रिकाम्या खोलीचा आवाज, कड्या, भांडी, रिक्षा, एकेक करून नव्याने तयार करावे लागतील. ते करता येते, पण खर्च होतो आणि कानाला कळते.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. ज्या बाई लिहिलेले संवाद बातम्यांसारखे वाचतात, त्या डबिंगच्या बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, पडद्यावरच्या स्वतःच्याच ओठांकडे पाहत ‘मला तिथे करमेल की नाही’ हे नैसर्गिकपणे बोलतील, असे तुम्हाला वाटते का? ‘फावेल’च्या जागी ‘करमेल’ ओठांवर बसतही नाही, कारण ‘फ’ला खालचा ओठ दातांना लागतो आणि ‘म’ला दोन्ही ओठ मिटतात. जवळून घेतलेल्या दृश्यात हे लपत नाही.

अर्थ पोहोचवायचा असेल तर उपशीर्षके द्या. मराठी संवादाला मराठी उपशीर्षके देण्यात कमीपणा मानू नका. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नको, आणि वेलांटी-मात्रा कापल्या जाणार नाहीत असा टंक निवडा. पांढरी अक्षरे उजळ खिडकीवर आली की वाचता येत नाहीत, आणि तुमच्या चित्रपटात खिडकी बरीच आहे.

लीलो_चेवडो

ध्वनीवाला यांचे वाचून मी आरशासमोर ‘फावेल’ आणि ‘करमेल’ म्हणून पाहिले. बायकोने विचारले, दात दुखतो आहे का?

इंदूरी_पोहे

आम्हा इंदूरकरांना या धाग्यावर उसासा टाकण्याची परवानगी असावी. आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरली आहे, की नागपूरकरसुद्धा आम्हाला सुधारतात.

पण एक गोष्ट तुमच्याकडे आहे आणि आमच्याकडे निसटत चालली आहे. हिंदीत ‘हम’ एकच. त्यामुळे आमच्या घरातली मुले ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत घोटाळा करतात. माझा पुतण्या मला सांगतो, ‘काका, आम्ही बाहेर जाऊ या’, आणि मला कळत नाही की मी चप्पल घालायची की घरी बसायचे. गुजरातीत हा फरक आहे का?

शब्दवेडा

इंदूरी_पोहे यांनी नकळत या धाग्याचा कळीचा मुद्दा काढला आहे.

होय, गुजरातीत तो फरक आहे. ‘अमे’ म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला वगळून. ‘आपणे’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांनी हा भेद जपला आहे. आता शेवटचा प्रसंग पुन्हा पाहा. गृहस्थ विचारतात, ‘तमे क्यांना?’, म्हणजे तुम्ही कुठले. या प्रश्नाचे व्याकरणाने सरळ उत्तर ‘अमे’ने सुरू व्हायला हवे. आत्याबाई ‘आपणे’ म्हणतात. विचारणारा त्यांना एका बाजूला उभे करतो आणि त्या उत्तर देताना त्यालाच आपल्या बाजूला ओढून घेतात. परीक्षकांनी सुचवलेल्या ‘आम्ही मूळचे वाईचे’ या वाक्यात हा माणूस पुन्हा झोपाळ्यावरून उठून दाराबाहेर जातो. भाषा शुद्ध करण्याच्या नादात अर्थ नेमका उलटा होतो. इंग्रजी उपशीर्षकात तर हा भेद टिकणारच नाही, कारण तेथे दोघांनाही एकच सर्वनाम आहे.

फिरस्ता यांच्या ‘मराठी शब्दाचा अर्थ उलटतो’ या मुद्द्यावर थोडे. ‘मोकलणे’ हा शब्द मराठीला परका नाही. जुन्या मराठीत तो सोडणे, मोकळे करणे या अर्थाने आहे. आपण त्याला रडण्यापुरता शिल्लक ठेवला, गुजरातीने त्याला पाठवण्याच्या कामाला लावले. बडोदेकरांनी तो शेजाऱ्याकडून परत आणला, इतकेच.

शुद्धतेचा विषय निघालाच आहे, तर माधव ज्यूलियनांची आठवण काढतो. त्यांचा जन्म १८९४ साली बडोद्याचा. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे कवी, फारसी-मराठी शब्दकोशाचे कर्ते. आणि पुढे हेच गृहस्थ भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले. ज्याच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती, त्याने नंतर परके शब्द वेचून काढण्याचा आग्रह धरला. मला दोन्ही माधवराव आवडतात, पण कविता वाचायची झाली तर मी पहिल्यांकडे जातो.

आजवा_रोड

मी या संस्थळावर फारसा लिहीत नाही, कारण माझे शिक्षण गुजराती माध्यमात झाले आणि माझे मराठी लेखन सावकाश होते. ऱ्हस्व-दीर्घ चुकल्यास सांभाळून घ्यावे.

शब्दवेडा यांचे विवेचन सुंदर आहे, पण मला त्यात एक शंका आहे. आम्ही गुजरातीत ‘आपणे’ स्वतःपुरतेही वापरतो. ‘आपणने ना फावे’ म्हणजे मला जमणार नाही, एवढेच. मराठीतही कोणी ऐटीत म्हणतो, ‘आपण नाही जात बुवा’. तेव्हा आत्यांनी समोरच्याला सामावून घेतले की सवयीने बोलून गेल्या, हे व्याकरणावरून ठरवता येणार नाही.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे, आणि सुरसागरकाठ ताई, ती थोडी कडू आहे. तुमच्या लघुपटाचे पहिले दीड मिनिट मला आवडले नाही. लक्ष्मी विलास राजवाडा, कीर्तिमंदिर, तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रे, आणि त्यावर निवेदन, की मराठे येथे राज्य करायला आले आणि येथलेच झाले. माझे आजोबा राज्य करायला आले नव्हते. ते कोकणातून एका खाणावळीत पोळ्या लाटायला आले. आजी चार घरची पापड-कुरडई करून देत असे. आमच्या चाळीत खानदेशातून गिरणीत कामाला आलेले लोक होते, एक भटजी होते, तालमीत मुलांना मल्लखांब शिकवणारे एक मास्तर होते. यांच्यापैकी कोणाच्याही घरात झोपाळा टांगण्याएवढी जागा नव्हती. बडोद्याच्या मराठी माणसाची गोष्ट दर वेळी राजवाड्याच्या फाटकातूनच का सुरू होते? दांडियाबाजारकर काकांचा प्रतिसादसुद्धा, आदर ठेवून म्हणतो, दुसऱ्याच परिच्छेदात महाराजांपाशी पोहोचला.

आणि तरीही भांड्यांचा प्रसंग पाहताना मी थांबलो, कारण भांडी आमच्याकडेही आहेत. आजोबांनी पहिल्या पगारात घेतलेल्या पितळी तांब्यावर त्यांचे नाव आहे आणि ते चुकीचे कोरलेले आहे. कारागिराने ‘ळ’ऐवजी ‘ल’ घातला. आजोबांनी तो तसाच घरी आणला. पुढे माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरही तोच ‘ल’ आला, कारण नाव विचारल्यावर आजीने लिहिता येत नव्हते म्हणून पिशवीतून तांब्या काढून दाखवला होता. आज माझ्या पासपोर्टवर जे आडनाव आहे ते त्या तांब्यावरून आलेले आहे. आता मला कोणी सांगावे, की माझे नाव शुद्ध करून घ्यावे का?

दांडियाबाजारकर

आजवा_रोड, तुमच्या लेखनात मला एकही चूक सापडली नाही, आणि शोधण्याची माझी सवय जुनी आहे.

तक्रार मान्य. बोलताना महाराज मध्ये येतात, ही आमच्या पिढीची खोड आहे. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाले, तेव्हा पाळण्यात होतो. तरीही माझे वडील शेवटपर्यंत सरकारी कचेरीला ‘दरबार’ म्हणत आणि मीही लहानपणी तसेच म्हणत असे. गमावलेल्या गोष्टीची ऐट करणे सोपे असते, कारण ती तपासायला कोणी येत नाही. त्या चाळीतल्या तालीम मास्तरांविषयी अवश्य लिहा. वेगळा धागा काढलात तर मी सर्वांत आधी येईन.

फिरस्ता_पुणे

तांब्याची गोष्ट वाचल्यावर माझ्या ‘दोन-तीन जागा सुधाराव्यात’ या वाक्याचे काय करावे, ते मला कळत नाही. ध्वनीवाला यांचा उपशीर्षकांचा तोडगा मला पटतो. मात्र उपशीर्षकात ‘फावेल’चे ‘करमेल’ करावे, ‘फावेल’च लिहू नये, एवढा आग्रह मी धरतो. ऐकताना एक आणि वाचताना दुसरे असे झाले, तर मांजलपूरच्या_सूनबाईंना अपेक्षित असलेले अडखळणेही राहील आणि माझ्यासारखा प्रेक्षक हरवणारही नाही.

जाता जाता एक शंका. लघुपटात एका पाटीवर ‘वडोदरा’ आहे आणि निवेदनात ‘बडोदे’. यातले एक चुकून राहिले आहे का?

मांजलपूरची_सून

चुकून नव्हे. १९७४ मध्ये अधिकृत नाव वडोदरा झाले, पण त्याला मराठी विभक्ती लावून पाहा. ‘वडोदऱ्याला चालले आहे’ असे माझ्या सासूबाई म्हणत नाहीत, ‘बडोद्याला’च म्हणतात. आगगाडीचे तिकीट वडोदऱ्याचे काढायचे आणि उतरायचे बडोद्याला, असा आमचा प्रवास आहे.

लीलो_चेवडो

या वादावर मांडवीजवळच्या गाडीवर फार पूर्वी तोडगा निघालेला आहे. सेव गुजराती, उसळ मराठी, आणि वरची तिखट तरी पोटात गेल्यावर माणूस ज्या भाषेत हाय-हाय करतो ती कोणत्याच कोशात नाही. ‘आम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न त्या वाटाण्यांना आजवर कोणी विचारलेला नाही.

ध्वनीवाला

फिरस्ता यांची सूचना कामाची आहे. शेवटच्या वाक्याला मात्र उपशीर्षक देताना घाई करू नका. आत्याबाई बोलून झाल्यावर साधारण चार सेकंद फक्त कड्यांचा आवाज आहे. उपशीर्षक त्या शांततेत रेंगाळता कामा नये.

शब्दवेडा

आजवा_रोड यांची शंका रास्त आहे. ‘आपणे’चा एकेरी उपयोग मी विसरलो होतो. म्हणजे वाक्याचे दोन अर्थ होतात आणि कोणता खरा, ते बोलणारीच सांगू शकेल. सुरसागरकाठ, आत्याबाईंना विचारले आहे का?

सुरसागरकाठ

सर्वांचे आभार. उशिरा येते आहे, कारण मधल्या काळात पुन्हा संकलनाला बसले होते.

आजवा_रोड, पहिले दीड मिनिट काढून टाकले. तुमचा प्रतिसाद वाचून प्रथम राग आला होता, हे कबूल करते. मग ते दृश्य पुन्हा पाहिले आणि लक्षात आले की राजवाडा मी लाजेपोटी घातला होता. तीन खोल्यांच्या घरावर चित्रपट काढला तर लोक म्हणतील यात काय आहे, म्हणून आधी मोठी इमारत दाखवली. आता चित्रपट थेट माळ्यावरून सुरू होतो. अंधारात शिडी, आणि वरून आत्याचा आवाज येतो, ‘धर नीट, नाहीतर मला मोकलशील वर.’ लांबी साडेसतरा मिनिटे झाली. तुमच्या तांब्याविषयी व्यक्तिगत निरोप केला आहे, कृपया पाहावा.

डबिंग करणार नाही. मराठी उपशीर्षके फिरस्ता म्हणतात त्या पद्धतीने देते आहे, सौम्य, दोन ओळींत, आणि खिडकी असलेल्या दृश्यांत अक्षरांमागे फिकट काळी पट्टी घालून. परीक्षकांना हे सर्व कळवले. त्यांचे उत्तर आले, की नियमांनुसार प्रवेशिका ‘मराठी’ गटात बसत नसल्यास ‘बहुभाषिक’ गटात घालता येईल. मी होकार दिला आहे.

शब्दवेडा, आत्याला विचारले. आधी ती म्हणाली, ‘मला काय माहीत, चहा निवत होता म्हणून पटकन बोलले.’ मी तुमचे ‘आपणे’ आणि ‘अमे’ तिला समजावून सांगितले, आजवा_रोड यांची शंकाही सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले, हातातली शेंग सोलून झाली, आणि मग म्हणाली, ‘अगं, सिनेमात घर त्याचं झालं होतं ना? त्याच्या घरात बसून त्याला अमे कसं म्हणायचं?’

उपशीर्षकात ‘आपण इथलेच की’ असे लिहिले आहे आणि ते अडीच सेकंदांत जाते.

शब्दवेडा

हा तिसरा अर्थ माझ्या ध्यानातही आला नव्हता. मी कोश मिटून ठेवतो.

इंदूरी_पोहे

आमच्या पुतण्याला हा धागा वाचायला दिला. तो म्हणाला, ‘काका, आम्ही हा सिनेमा पाहू या.’ मी चप्पल घातली आहे. खेळ कुठे आणि कधी आहे, तेवढे सांगावे.

सुरसागरकाठ

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पांढऱ्या चादरीवर. आत्या तिच्या झोपाळ्यासकट असेल, कारण मांजलपूरच्या दिवाणखान्यात तो मावला नाही आणि सध्या गच्चीवरच आहे. खेळ रात्री पावणेनऊला आहे आणि खाण्याची सोय फक्त चहाची आहे, तेव्हा सर्वांनी जमून यावे. दोन्ही भाषांत.

लीलो_चेवडो

जमून येतो. चेवडा आणतो.